अट क्रमांक नऊ

परवाना मिळाला त्या दिवशी कानिफनाथ गर्जेनं सगळ्या कॉलनीत पेढे वाटले, आणि ज्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केला होता त्यांना दोन-दोन जास्त दिले. असा हा बाबा. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, पण सुट्ट्या पैशांवरून कधी कुणाशी हुज्जत घातली नाही. आता तुम्ही म्हणाल, चांगला माणूस. चांगला होताच हो! पण नुसत्या चांगुलपणानं कुणाचं भलं होतं असं ज्याला वाटत असेल, त्यानं ही गोष्ट ऐकावी.

रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, पारायणाला बसतात. ह्याच्या डोक्यात कबड्डीचं खूळ. तरुणपणी एसटीच्या संघातून खेळलेला. कॉलनीच्या मधोमध नगरपंचायतीची मोकळी जागा पडून होती. तिथल्या वेड्या बाभळी ह्यानं स्वतः कुऱ्हाडीनं काढल्या, मुरूम पसरला, फक्कीच्या रेघा मारल्या आणि मागच्या वस्तीतल्या नऊ पोरी गोळा केल्या. सगळ्या ऊसतोड्यांच्या. पाथर्डीकडच्या ह्या कोरड्या पट्ट्यात दिवाळी झाली की निम्मी वस्ती ट्रकात बसते, ती गुढीपाडव्यालाच घरी येते. पोरगी अठराची झाली की लगेच उजवायची, कारण मुकादमाला एकटी पोरगी चालत नाही, नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. जित्याजागत्या माणसांना कोयता म्हणतात, बघा.

नऊजणींत सृष्टी सगळ्यांत पुढची. हनुमंत आणि बनुबाईची थोरली. अंगानं काटकी, पण चढाईला गेली की समोरच्या पोरींना कळायचं नाही, ही शिवली कधी आणि परतली कधी. जूनमध्ये तिला अठरा पूर्ण झाली होती. कानिफनाथनं हनुमंताच्या ओट्यावर चार वेळा चहा पिऊन त्याच्याकडून एक शब्द घेतला होता. दिवाळीनंतर नगरला एका निवासी अकादमीची निवड चाचणी होती. निवड झाली तर तीन वर्षं राहणं, खाणं, कॉलेज, सगळं अकादमीकडं.

"निवड झाली तर ठिवतो सर," हनुमंत म्हणाला होता. "न्हाई झाली तर मातर मला अडवू नका. पोरगं बघून ठिवलंय. निर्व्यसनी हाय, वरसाला दोन एकर कापूस असतोय त्यांचा."

बाकीच्या आठजणींचे आईबाप हनुमंताकडं डोळे लावून बसले होते. एकीचं जमलं तर आपलीबी ठेवू मागं, असं ज्याच्या त्याच्या घरात चाललेलं. म्हणजे सगळा भार एकट्या सृष्टीच्या अंगावर. तिला ते ठाऊक होतं. पोरींना सगळं ठाऊक असतं.

आता आवाजाचं सांगतो. पहाटे साडेपाचला सराव सुरू. संध्याकाळी पोरींना घरचं काम, आणि अंधार पडल्यावर आया सोडत नाहीत. मग पहाटेच नऊ तोंडांतून 'कबड्डी कबड्डी', वर 'धर! धर! सोडू नको!', आणि त्याच्या वर कानिफनाथची शिट्टी. चहूबाजूंनी सोळा घरं. महिन्याभरात नगरपंचायतीत अर्ज गेला. नगरपंचायतीनं नोटीस काढली की जागा विनापरवाना वापरता, आधी रीतसर परवान्याचा अर्ज करा, मग हरकती ऐकू.

सुनावणीला मुख्याधिकारी मॅडम बसल्या होत्या. वयानं लहान, पण बाई नीट ऐकून घेणारी. कुणी म्हणालं, म्हातारी दचकून उठते. कुणी म्हणालं, पोराची बारावी आहे. एकानं तर 'पोरीबाळींनी असं ओरडणं बरं दिसत नाही' हेही बोलून घेतलं. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं? कानिफनाथ सगळं हसत ऐकत होता. मग श्रीमंत उभा राहिला आणि ह्याचं हसू गेलं.

श्रीमंत दहिफळे एसटीत ड्रायव्हर. कल्याणच्या रातराणीवर हा ड्रायव्हर आणि कानिफनाथ कंडक्टर, अशी अकरा वर्षं दोघांनी एकत्र काढलेली. एका डब्यात जेवलेले. श्रीमंतचं घर मैदानाला लागून, आणि त्याची गाडी पहाटे चारला डेपोत लागायची.

"मॅडम, नाथा माझा भाऊच हाय," श्रीमंत खाली बघत म्हणाला. "पोरींचं वाईट व्हावं असं मला कशाला वाटंल? पण साडेचारला मी पडतो अन् साडेपाचला ह्यांचं सुरू हुतं. परवा माळशेजात माझा डोळा लागला. गाडीत पंचेचाळीस मानसं हुती."

घाटात ड्रायव्हरचा डोळा लागणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कानिफनाथइतकं कुणालाच कळत नव्हतं. अकरा वर्षं माळशेज आला की तो केबिनमध्ये जाऊन बसायचा आणि श्रीमंतशी वाट्टेल ते बडबडत राहायचा, गडी जागा राहावा म्हणून. मॅडमनी पेन उचललं. अर्ज नामंजूर होणार हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि कानिफनाथ उठला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तेच.

"मॅडम, आवाज होणार नाही."

"कबड्डी, आणि आवाज नाही?"

"पोरी पुटपुटतील. मी शिट्टी वाजवणार नाही, हात करीन. शेजारच्या घरात टाचणी पडल्याएवढा आवाज गेला तर परवाना रद्द करा."

मॅडमनी थोडा विचार केला आणि कानिफनाथच्या कबड्डी क्लबच्या नावानं परवाना दिला, मार्चपर्यंतचा. त्यात अट क्रमांक नऊ, खुद्द अर्जदारानं सुचवलेली: मैदानावरील आवाज लगतच्या घरांत ऐकू येता कामा नये, तशा तीन तक्रारी आल्यास परवाना आपोआप रद्द. श्रीमंतनं बाहेर येऊन कानिफनाथला मिठी मारली. दोघांच्या डोळ्यांत पाणी. मग पेढे.

तो काही अडाणी नव्हता. कबड्डीत चढाई करणारीचा आवाज पंचाला ऐकू गेला पाहिजे, हा नियम त्याला पाठ होता. त्यानं पोरींना बजावलं, "इथं ओठांत म्हणा, सामन्यात मोठ्यानं म्हणा." त्याला वाटलं, आवाज काय, लावला की लागतो. रविवारी गावाबाहेर टेकडीवर नेऊन मोठ्यानं सराव घ्यायचा असंही ठरवलं. दोन रविवार नेलंही. मग पाऊस लागला, पाठोपाठ कापसाची वेचणी आली, आणि रविवारी एकही पोरगी मोकळी सापडेना.

पहिल्या आठवड्यात सृष्टीकडून दोनदा आवाज निघाला. सवयच ती! दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार. मग पूजा नावाच्या पोरीला पकडीत कोपर लागलं, ती किंचाळली. दुसरी तक्रार. त्यानंतर कानिफनाथ भेदरला. जरा कुणाचा आवाज चढला की तोंडावर बोट ठेवायचा, डोळे वटारायचा. चार महिने मैदानावर नुसत्या पायांचा आवाज. पोरी पडायच्या, गुडघे फुटायचे, दात-ओठ खाऊन उठायच्या, पण हूं नाही की चूं नाही. रस्त्यानं जाणारे कौतुक करायचे, काय शिस्त लावलीय सरांनी! तिसरी तक्रार काही आली नाही. कानिफनाथला त्याचा अभिमान होता. आता बोला!

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी नगरला चाचणी. हॉलमध्ये मॅट टाकलेलं, दीडशे पोरी, प्रत्येकीच्या गळ्यात जणू भोंगा. सृष्टीला पहिलीच चढाई मिळाली. ती वाऱ्यासारखी आत घुसली, कोपऱ्यातली पोरगी शिवली, मधली शिवली, आणि पंचाची शिट्टी झाली. पंचानं स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. ऐकू येत नाही. परत जा. समोरच्या संघाला गुण.

"सृष्टे, मोठ्यानं!" कानिफनाथ कठड्यावरून ओरडला. चार महिन्यांत तो पहिल्यांदाच ओरडत होता.

दुसऱ्या चढाईला तिनं आवाज लावला. 'कबड्डी कबड्डी कबड्डी', तीनदा खणखणीत. रेघ ओलांडून आत गेली, सगळं ध्यान पायांत गेलं, आणि आवाज आपोआप ओठांत शिरला. ओठ हलत होते. शिट्टी.

तिसऱ्या वेळी तिनं दुसरं काहीच केलं नाही, नुसती ओरडली. ओरडून म्हणायला श्वास किती लागतो ह्याचा तिच्या छातीला अंदाजच राहिला नव्हता. मध्यावरच दम संपला, तिथंच धरली तिला. खाली पडली तेव्हासुद्धा तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. नंतर तिला नुसतं पकडीला उभं केलं, आणि पकड काही तिचं काम नव्हे.

यादीत नाव नव्हतं. निवड समितीतल्या एका बाईंनी कानिफनाथला बाजूला घेतलं.

"पाय सोन्याचे आहेत हो पोरीचे. पण चढाईला आवाजच नाही. असं कुणी शिकवलं तिला?"

"मीच," कानिफनाथ म्हणाला.

"पुढच्या वर्षी आणा," बाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, पुढचं वर्ष कुणाच्या मालकीचं होतं ते.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. ती खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर तिनंच विचारलं, "सर, तुमी जेवलात का?" कानिफनाथला वाटलं, हिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हनुमंतानं शब्द दिला होता तसाच पाळला. काढीव मुहूर्त काढला, आठवड्याच्या आत लग्न, दुसऱ्या दिवशी ट्रक. तक्रार तरी कुणाकडं करायची? पोरगी अठराची, पोरगं निर्व्यसनी, कायदासुद्धा त्यांच्याच बाजूचा.

लग्नाच्या तीन दिवस आधी नगरपंचायतीतले अलीमभाई स्कूटीवरून कानिफनाथच्या दारात आले. हातात कागद.

"सर, एक सही पायजे. लग्नाला मैदान मागितलंय. जागा मार्चपर्यंत तुमच्या क्लबच्या नावावर, म्हनून तुमची नाहरकत लागती."

"डीजे आहे?"

"लग्न म्हनल्यावर डीजे असनारच की."

"आणि अट क्रमांक नऊ?"

अलीमभाई हसले. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच गंमत वाटली. "लग्नाला कसली अट सर? एका दिवसाचा तर सवाल हाय. शेजाऱ्यांनी कवाच सह्या दिल्यात, बघा की."

सोळाच्या सोळा सह्या होत्या. ओट्यावर कुणी पोरीच्या लग्नाचा कागद घेऊन आला तर नाही कोण म्हणेल? सगळ्यांत वरची सही श्रीमंतची. कानिफनाथला वाटलं, कागद टराटरा फाडावा. पण फाडून काय झालं असतं? मंडप मारुतीच्या देवळापुढं पडला असता. त्यानं सही केली, खाली तारीख घातली, क्लबचा शिक्का मारला. तो शिक्का पहिल्यांदाच वापरात आला.

लग्नाला त्याच मैदानावर मंडप पडला, फक्कीच्या रेघांवर खुर्च्या लागल्या. सकाळी नवापासून डीजे असा दणाणत होता की घरांच्या काचा थरथरत होत्या. श्रीमंत रजा टाकून आला होता, पंगतीत वाढत होता. कानिफनाथला बघून तो भात तसाच ठेवून आला.

"नाथा, मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं होतं श्रीमंत? तू झोपू नको म्हणून?"

श्रीमंत भात उचलून परत पंगतीत गेला. त्याचंही चुकलं नव्हतं हो. मॅडमचंही नाही, हनुमंताचंही नाही. कुणाचंच चुकलं नाही आणि पोरगी मात्र गेली. ह्याचाच मला राग येतो.

अक्षता पडल्यावर कानिफनाथ आहेर घेऊन स्टेजवर चढला. नवरदेव खरंच गरीब स्वभावाचा दिसत होता. दोघं पाया पडायला वाकली. सृष्टी उठता उठता त्याच्या कानाशी आली आणि डीजेच्या वर आवाज काढून म्हणाली, "सर, बाकीच्या पोरींना वरडू द्या!"

"हो," तो म्हणाला. "देतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक गेला. आठजणींच्या आईबापांनी जे बघायचं ते बघून घेतलं होतं. त्यांतल्या पाचजणी आईबापांबरोबर त्याच ट्रकात बसल्या. साडेपाचला कानिफनाथ मैदानावर आला तेव्हा तिघी येऊन उभ्या होत्या. खाली पत्रावळी पडल्या होत्या, मंडपाचे खड्डे तसेच होते.

"मोठ्यानं म्हणा आज," तो म्हणाला. "परवाना गेला तर गेला."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग पूजा म्हणाली, "सर, तिघींत कसं खेळायचं?"

कबड्डीला सातजणी लागतात.