मिडवेकडची भिंत

सुनिल सरांची बायको जयश्री गेली, त्याला दोन वर्षं झाली. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. या दोघांचं तर रोज वाजायचं, आणि तेही पेपरातल्या बातम्यांवरून. आता तलासरीच्या भाड्याच्या खोलीत सर पेपर मोठ्याने वाचत आणि पलीकडून कोणी काही बोलत नसे. आपलं म्हणणं खोडून काढायला माणूस उरलं नाही, याचंच त्यांना रडू येई.

आश्रमशाळा झरी गावाजवळची. दहावीची पोरं गुणी, पण सर म्हणतील ती पूर्व दिशा. काहीही विचारा, नंदीबैलासारख्या माना हलायच्या. म्हणून सरांनी त्यांना वाद घालायला शिकवायचं मनावर घेतलं. दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कुठे मिळाली, रशियातल्या स्टालिनग्राडला की पॅसिफिकमधल्या मिडवे बेटापाशी? टिपणं वाटली, आठवडा दिला. वर्गाची एक भिंत स्टालिनग्राडची, समोरची मिडवेची; ज्याला जे पटेल त्याने त्या भिंतीशी उभं राहायचं.

आपलं मत स्टालिनग्राडचं, असं सर बोलून बसले. झालं! अडतीस पोरं एका भिंतीशी, आणि समोर एकटी प्रगती.

"चुकून नाही ना उभी राहिलीस?"

"नाय सर. मिडवेच."

"अगं, स्टालिनग्राडला जर्मनांची एक अख्खी फौज शरण आली! तिथून हिटलर मागेच सरकत गेला."

"मिडवे त्याच्या आधी झाला, सर. जपानची चार विमानवाहू जहाजा बुडाली."

"जहाजं पुन्हा बांधता येतात!"

"माझा बाबा बोटीवर खलाशी हाय. बोट नवी येते, सर. जाणती माणसा कुठून आणायची?"

सरांचं म्हणणं कोणीतरी खोडून काढलं होतं, आणि इतका आनंद त्यांना दोन वर्षांत झाला नव्हता. आवाज चढला, हातवारे सुरू झाले, टेबलावर मूठ आपटली गेली. पोरांना मात्र एवढंच दिसलं, की सर प्रगतीवर ओरडतायत. आधी रूपी हलली, मग लाहू, मग सगळेच चालत जाऊन प्रगतीशेजारी उभे राहिले.

"पटलं तिचं?" सरांनी विचारलं.

"नाय सर," लाहू म्हणाला. "पण ती एकटीच व्हती. आमच्या पाड्यावर एकट्याला भांडू देत नाय."

सरांनी मागे पाहिलं. त्यांच्या भिंतीशी कोणी नव्हतं. वाद असा घालत नाहीत, हे सांगायचं ते विसरूनच गेले. एवढ्याशा पोरीचा त्यांना हेवा वाटला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि पोरं ताटं घेऊन पळाली.

प्रगती दारातून परत आली. सरांचा चेहरा तिने पाहिला असावा.

"सर, तुमच्या बाजूला कोणच नाय. उद्या मी येऊ तुमच्याकडून?"

"नको, नको," सर घाईघाईने म्हणाले. "तू समोरच उभी राहा, पोरी. समोरच."