मिठाची मूठ

नसीमाबीने खड्याचं मीठ भट्टीवरून ओवाळलं आणि माचीवर उभ्या असलेल्या अकरमच्या हातात मूठ रिकामी केली. अकरमने आईचं मीठ भट्टीच्या तोंडात टाकलं. पांढरा, झोंबणारा धूर उठला. तोंड फिरवून तो बराच वेळ खोकत राहिला.

अंगणात भंगाराचा ढीग पडला होता. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या सालापासून शेतकरी पेरणीयंत्रं, फवारणीपंप विकत होते, आणि तेच वितळवून नसीमाबी विहिरीच्या पंपांचे पंखे ओतत होती. दुसऱ्याचं घर बसलं की हिची भट्टी पेटते, असं देऊळघाटात बोललं जाई. अशा जिभांसाठीच मीठ होतं.

"अब्बाले हा खोकला काऊन होते, माहीत हाय का दादी?" मलिहाने खालून विचारलं. अकरमची ही मुलगी बुलढाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती.

"लोकायची नजर जळून राह्यली. जळताना वास येतेच."

"मिठातलं क्लोरीन हाय ते. लोखंडात शिरत नाही. लोखंडावर तरंगते ना मळी, तिच्यात विरघळते. मळीत चुना जास्त असला तं जास्त मुरते."

"मंग चुनखडी वाढव की! कोणं हात धरला तुहा?"

"वाढवून काय होते? आपण मीठ वरून टाकतो. मळीपर्यंत पोचायच्या आंधीच निम्मं उडून जाते, अब्बाच्या छातीत. मीठच बंद करा."

"तुह्या पणजीनं टाकलं, म्या टाकलं, भट्टी एकदाबी गोठली नाही. अन् तू चार बुकं वाचून मीठ बंद करायले निंगाली! सासरी गेली की वरणातलं बंद कर."

भट्टीवरचे गडी खो खो हसले. मलिहा हसली नाही. ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"डॉक्टर म्हणला, छाती आता जास्त सोसणार नाही. अब्बानं तुमाले सांगू नको म्हणलं होतं."

नसीमाबीचं पान चावायचं थांबलं.

"डॉक्टरायचं कामच हाय भेव घालायचं," एवढं बोलून ती मळीचं भोक उघडवायला निघून गेली.

पुढच्या वेळी भट्टी पेटली तेव्हा अकरमच्या आधी तीच माचीवर चढलेली होती.

"खाली जाय. साचे भर."

"काऊन अम्मी? माहं काय चुकलं?"

"कोळसा सारखा पडत नाही तुह्यानं. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. हाताले तोल नाही."

"गड्यायसमोर असं बोलतं का कोणी?"

"गड्यायसमोरच बोलून राह्यली. आजपासून वरचं काम माहं."

अकरम कानापर्यंत लाल झाला आणि माचीवरून उतरून साच्यांकडे गेला. नसीमाबीने पदर नाकावर घट्ट आवळला.

"मलिहा, चुनखडी किती वाढवायची म्हणे तू? घेऊन ये वर."

मलिहा घमेलं घेऊन चढली. दादीची उजवी मूठ मिटलेलीच होती.

"दादी, ते मीठ..."

"माहं मीठ, माही छाती. तू उतर."

खाली अकरम रागारागाने साच्यातली वाळू ठोकत होता. त्याने वर पाहिलंच नाही.