कल्याणीचा हप्ता

श्यामलाबाईंनी संमतिपत्र अपेक्षासमोर सरकवले आणि त्यावर पेन आडवे ठेवले.

"दिग्विजयने सगळं लिहून दिलं आहे. तुझी फक्त सही."

घटस्फोटाला आठ महिने झाले होते. न्यायालयाने कल्याणीसाठी दरमहा अठरा हजार ठरवून दिले होते. दिग्विजय मात्र पहिल्या महिन्यापासून लेकीच्या आरोग्यविम्याचा हप्ता म्हणून सव्वीसशे कापून उरलेले पाठवत होता. ती कपात आता सहीनिशी कायमची होणार होती.

"तेवढ्या पैशांत तिच्या दम्याची औषधं येतात," अपेक्षा म्हणाली.

"आणि दवाखान्याचं बिल विम्यातून सुटतं. बाप हप्ता भरतो म्हणून."

"मग विम्याचा कागद बघू या."

"आमच्या घरात कागद लपवत नाहीत. आठ वर्षं सून होतीस, एवढं तरी ध्यानात यायला हवं होतं."

एकतीस वर्षे मुख्याध्यापिका असताना श्यामलाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणाचीही सही घेतली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, संमतिपत्रामागे जोडलेला विम्याचा कागद हातात घेतला.

"कर्मचारी, दिग्विजय. हप्ता कंपनीकडून. मुलगी, कल्याणी. हप्ता कंपनीकडून. आई, श्यामला, वय एकाहत्तर. वार्षिक हप्ता एकतीस हजार दोनशे, पगारातून दरमहा सव्वीसशे."

आवाज शेवटच्या शब्दापर्यंत तसाच राहिला. मग त्यांनी कागद खाली ठेवला. डावा हात गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"तुला ठाऊक होतं."

"डिसेंबरपासून. कल्याणीला अ‍ॅडमिट केलं तेव्हा मी कंपनीत चौकशी केली होती."

"मग गप्प का बसलीस?"

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं. मी तोंड उघडलं असतं, तर त्याने चिडून विम्यातून तुमचं नाव काढून टाकलं असतं. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

श्यामलाबाईंनी कागदाची घडी घातली. ती वाकडी पडली. त्यांनी ती उलगडून पुन्हा घातली. तेवढ्यात फोन वाजला.

"झाली का सही?" दिग्विजयच्या मागे खराडीच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता.

"नाही. घरी ये."

"आई, आत्ता मीटिंग आहे. दोन मिनिटांचं तर काम होतं."

"आठ महिन्यांचे कापलेले वीस हजार आठशे घेऊन ये."

उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोन ठेवला. अपेक्षाने पर्स खांद्याला अडकवली होती.

"थांब. त्याला येऊ दे."

"माझं काम सही करण्यापुरतंच होतं ना? ती मी करत नाही. निघते."

ती दारापर्यंत पोहोचली. श्यामलाबाई खुर्चीच्या हाताचा आधार घेत उठल्या. त्यांना वेळ लागला. अपेक्षा चप्पल घालता घालता थबकली, पण वळली नाही.

"थांबशील?" श्यामलाबाईंनी विचारले.