एक न बोललेली

टेनेसीच्या डोंगरातल्या आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी. ज्याला कारण उघड करायचं नसेल, त्याने हात वर करून एवढंच म्हणायचं, ‘एक न बोललेली.’ मग कुणी विचारायचं नाही. निदान पायऱ्या उतरेपर्यंत तरी.

आर्डिथ टिप्टनने न बोललेली विनंती कधीच दिली नव्हती. ती बोलायची, आणि दुसऱ्यांचंच. प्रभूला सगळं ठाऊक असतं, उरलेल्यांना आर्डिथ सांगते, असं आमच्यात म्हणतात. वसंतात ती उठून म्हणाली, "माझ्या बहिणीच्या मुलाला, डॅरेलला, प्रार्थनेत आठवणीत ठेवा, पुन्हा प्यायला लागलाय." बहिणीने, व्होंडाने, हे आदल्याच दिवशी भांडी विसळता विसळता तिच्या कानात सांगितलं होतं. व्होंडाने पर्स उचलली आणि निघून गेली. पुढे ती खिडकीजवळच्या बाकावर बसू लागली, आणि बहिणीशी बोलणं बंद.

आर्डिथला चैन पडेना. चर्चमध्ये पियानो मी वाजवते, तिथून मला सगळ्यांच्या टाचा दिसतात. तिची टाच कुठल्याच स्तोत्राच्या ठेक्यात नव्हती. डोळे मिटले की पर्स उचलणारी व्होंडाच दिसते, म्हणायची.

एका बुधवारी तिने हात वर केला. आम्ही सगळे ऐकायला सरसावून बसलो.

"एक न बोललेली," ती म्हणाली आणि खाली बसली.

गाड्यांपर्यंत पोचेस्तोवर लोकांच्या तोंडी तिला गाठ झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्सर. शुक्रवारी तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लोकांनी आणलेल्या झाकलेल्या डिशांची रांग. माझी मॅकरोनी ठेवायला मी गेले, तेवढ्यात व्होंडा दारात. हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं, डोळे सुजलेले.

"कुठे आहे गं गाठ? खरं सांग मला."

आर्डिथने एकदा नुसतं खोकायचं होतं. बहीण परत मिळत होती, तीही रश्श्यासकट. खरं सांगते, मीसुद्धा मनात म्हणत होते, खोक, बाई, खोक!

आर्डिथने ओट्याची कड धरली. "गाठबीठ काही नाही. धडधाकट आहे मी. तुझी माफी मागायचं बळ मागत होते. डॅरेलचं बोलले ती प्रार्थना नव्हती, व्होंडा. चहाडी होती. शेवटी आमेन लावला, एवढंच."

"म्हणजे काल रात्रभर मी रडले ते फुकट?"

"हो."

"वर हा रस्सा रांधला!"

"वास येतोय."

व्होंडा पातेल्यासकट मागे वळली. "धडधाकट बाईने आपलं आपण रांधावं." जाळीचं दार धाडकन आपटलं.

पुढच्या बुधवारी खिडकीजवळून हात वर झाला. "एक न बोललेली," व्होंडा म्हणाली. सगळ्या माना आर्डिथकडे वळल्या. तिला माहीत असणारच.

पायऱ्यांवर मीच गाठलं आर्डिथला. "डॅरेलचंच ना गं?"

तिचं तोंड उघडलं. टाच थरथरली. "तिचं ती जाणे आणि देव जाणे," ती कशीबशी म्हणाली आणि गाडीकडे जवळजवळ पळालीच.

व्होंडा मागेच उभी होती. "आर्डिथ! तो रस्सा फ्रीझरमध्ये आहे अजून. रविवारी ये. पण तोंड बंद ठेवून."

"मग जेवू कशी?"

व्होंडा हसली नाही. पण गाडीचं दार तिने हळू लावलं.