मागच्या सीटवर मिस्त्री

भूगोलाच्या बाईंनी तीस वर्षं मुलांना नकाशावर जग दाखवलं. निवृत्त झाल्यावर त्या जगाचा निदान एक कोपरा तरी आपल्या गाडीने हिंडून बघावा, असं त्यांनी ठरवलं. सोबत तिघी बहिणी. गाडी जुनी, पण ठणठणीत. फक्त सायलेन्सर सडला होता, आणि कंपनीने तसले बनवणं कधीच बंद केलं होतं. बाईंनी दुसऱ्याच कुणी बनवलेला नवा आणला. तो इतका जाडजूड निघाला की बंपरच्या खालून त्याचं तोंड बाहेर येईना. म्हणजे बंपरलाच गोल भोक पाडणं आलं, आणि तसला बंपर आता शोधूनही मिळाला नसता.

गॅरेज मिस्त्रींचं. त्यांची थोरली मुलगी तिथे बारा वर्षं वेल्डिंग करत होती आणि, खोटं कशाला बोला, बापापेक्षा सुबक करत होती. पण गाडीच्या मूळ अंगाला पातं लावायचं ते मिस्त्रींनीच. "नवा पाइप बिघडला तर दुसरा येतो. अंग एकदा कापलं की कापलं," असं म्हणून ते तिच्या हातातलं मशीन काढून घेत. थोरलीचे हात शिवशिवत. आपल्याला हे जमतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. बाबा ते कधी कबूल करतील, एवढाच प्रश्न होता. छत्तिशी उलटली तरी "बघ नीट, शीक" चालूच.

त्या दिवशी मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवली, सायलेन्सरचा नवा पाइप दोन चाकं जोडणाऱ्या मागच्या एक्सेलवरून नेऊन तारेने बांधला आणि बंपरवर खडूने गोल काढला. थोरलीची नजर त्या गोलावरून चाकांकडे गेली. चाकं अधांतरी लोंबकळत होती. गाडी उचलली की एक्सेल खाली येतो आणि वर ऐसपैस जागा दिसते. गाडी जमिनीवर असली आणि आत माणसं बसली की स्प्रिंगचे पाटे दबतात, एक्सेल वर चढतो, जागा गायब, आणि तो पाइपला थडकलाच. हे तिला शिकवलं कुणी? बाबांनीच. पूर्वी ते गाडी जमिनीवर ठेवून स्वतः गाडीखालच्या खड्ड्यात उतरत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून खड्डा टाळत होते, आणि गुडघ्यांचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

"बाबा, गाडी जरा खाली घेऊ या?"

"कशाला? मोजलंय मी."

"मोजलंय हो. पण बाईंच्या शेजारी सामान, आणि तिघी बहिणी बसणार आहेत मागे."

मिस्त्रींनी चाकांकडे बघितलं. मग लिफ्टचं बटण त्यांनीच दाबलं.

गाडी खड्ड्यावर आली. बाकावर बाईंसोबत बसलेल्या दोघी बहिणींना थोरलीने मागे बसायची विनंती केली. दोघीही खात्यापित्या घरच्या.

"वजन करणार असशील तर मी नाही बसायची," त्यांतली मोठी म्हणाली.

"आकडा कुणाला सांगत नाही, मावशी. बसा."

"आणि आमची तिसरी उद्या येणार," बाई म्हणाल्या. "वजनाने असेल तुझ्या वडिलांएवढी."

चाळीस वर्षांत मिस्त्री गिऱ्हाइकाच्या गाडीत मागे कधी बसले नव्हते. ते दोघींच्या मध्ये अंग चोरून बसले आणि थोरली खड्ड्यात उतरली. एवढ्यात दोघींतली धाकटी मावशी जरा सरकून बसली, आणि खालून आवाज आला: टण्ण.

"लागलं?" वरून मिस्त्रींनी विचारलं.

"लागलं."

"किती वर घ्यावा लागेल?"

"अडीच बोटं."

"मग गोलही तेवढाच वर." ते बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी. पूस तो आणि तुझा काढ."

थोरलीने पाइप वर उचलून बांधला. "आता बसल्या जागी उसळ्या मारा," म्हणाली. बहिणींना हेच हवं होतं. मधल्या मध्ये मिस्त्री पार घुसळून निघाले, पण खालून आवाज म्हणून आला नाही. तिने नवा गोल काढला.

बहिणी उतरल्या. मिस्त्री उतरले नाहीत.

तिने बंपर सोडवून गाडीच्या मागे टेबलावर पक्का आवळला, मशीनला गोल पातं बसवलं. बारा वर्षं असल्या कामाच्या वेळी बाबांचा श्वास तिच्या कानाशी असे आणि तिला त्याचा वैताग येई. आज कानाशी कुणी नव्हतं. जे हवं होतं ते मिळालं होतं, हातही स्थिर होता, तरी तिला एकदम पोरकं वाटलं.

"बाबा, येता का? एकदा गोल बघून घ्या."

मिस्त्रींची तिच्याकडे पाठ होती, नजर समोरच्या काचेतून थेट भिंतीवर. मान न वळवता ते म्हणाले, "मला इथून दिसतंय सगळं. पाड तू."

थोरलीने मनगटाने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि बटण दाबलं.