पाइपची तक्रार

शेजारच्या बुकबाइंडरच्या दारावर ‘वारसा वास्तू’ अशी पितळी पाटी लागली, आणि त्या दिवसापासून शिंप्याच्या पोटात दुखू लागलं. दोन्ही घरं एकाच भिंतीला टेकून शंभरावर वर्षं उभी होती. पण कोरीव खिडक्या पडल्या शेजाऱ्याच्या वाट्याला. लोक फोटो काढायला येत, तेही शिंप्याच्याच दारात उभं राहून! तो मशीनवर बसून नुसता जळत राही.

एके दिवशी त्याला शेजाऱ्याच्या दर्शनी भिंतीवर नवा प्लास्टिकचा पाइप दिसला. वारसा वास्तूच्या दर्शनी भागावर असं काही लावायला मनाई होती. त्याने लगेच वारसा कार्यालयात निनावी अर्ज टाकला. त्यांचं चांगलं झालं तर तुमचं काय जातं, असं बायकोने विचारलं, तर तो तिच्यावरच खेकसला.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचा म्हातारा गवंडी पाइप काढायला आला. शिंपी मजा बघायला बाहेर आला. शिडी लावता लावता गवंडी म्हणाला, की हा पाइप वरच्या संडासाचा. बुकबाइंडरच्या आईचा पाय मोडलाय, तिला जिना उतरवत नाही. आता ही मंडळी घर सोडून गावाबाहेर खोली बघताहेत.

शिंपी चपापला. पाटी लागल्यापासून तो त्या घरात गेलाच नव्हता. आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक बुकबाइंडरच्या आईने, याच मावशींनी आणून दिलं होतं.

“माणसं गेलेलं घर मी कितीही लिंपलं तरी टिकत नाही,” गवंडी म्हणाला. “कौल सरकलं तर बघणार कोण? आणि अशी तक्रार करणारा लांबचा नसतो हो, शेजारचाच असतो.”

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पाइप माझ्या घरातून खाली नेता येईल?” त्याने विचारलं. “माझ्या घराला पाटी नाही.”

गवंड्याने आत येऊन मधली भिंत ठोकून पाहिली. नेता येईल, पण मशीनचा कोपरा जाईल, असं त्याने सांगितलं. दोघे तसेच कार्यालयात गेले. अर्ज आपणच केला होता, हे शिंप्याने साहेबांसमोर कबूल केलं आणि पाइप हलवायला आठ दिवसांची मुदत मागून आणली.

मग त्याने बुकबाइंडरला सगळं सांगितलं. “आई वर आहे,” बुकबाइंडर म्हणाला, “तिला तूच सांग.”

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. “मशीन आता कुठं ठेवशील रे?” एवढंच त्यांनी विचारलं. शिंप्याला रडू आवरेना.

वाचकहो, जुनी घरं जपायलाच हवीत, पण आतल्या माणसांसकट. नियम त्यांना बाहेर काढत असेल तर तो बदलायला आपण भांडू. पण त्याआधी तो नियम शेजाऱ्याच्या दारी आपणच तर नेला नाही ना, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.