ओळख न दाखवणारी डॉक्टरीण

बाजारात शिरल्या की डॉक्टरीणबाईंचा चेहरा भिंतीसारखा मख्ख व्हायचा. आणि हा मख्खपणा त्यांनी मुद्दाम कमावलेला होता बरं का! दारू सोडवणाऱ्या डॉक्टरने भर रस्त्यात "काय, आता बरं आहे ना?" असं विचारलं, तर त्या बिचाऱ्याची अब्रू चव्हाट्यावरच की! म्हणून प्रत्येक पेशंटला त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, "बाहेर भेटलात तर मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही हाक मारलीत, तरच बोलेन."

हाक कोण मारतंय! शिंपी मान खाली घालून मशीन चालवायचा. शाळेचे हेडमास्तर तर एकदम चपलेचा अंगठाच तपासायला लागायचे. निम्म्या गावाच्या पोटातलं बाईंना ठाऊक, आणि संध्याकाळी चहाला सोबत रेडिओची.

"बाई, तुम्ही म्हणजे भूत आहात," दवाखान्यातली नर्स खिदळायची. "दिसता सगळ्यांना, पण बघत कुणीच नाही!"

बाईही हसायच्या. एकाच माणसाने हाक मारावी, म्हणून मात्र त्यांचा जीव झुरत होता. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, लुकड्या. तोही बाटलीच्या नादी लागला होता. सख्ख्या भावावर आपण उपचार करायचे नाहीत, म्हणून बाईंनी त्याला दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे धाडलं. "सगळ्या जगाला आत घेतेस आणि मला दारातून हाकलतेस," म्हणत तो गेला तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही.

आणि आज दुपारी फळवाल्याच्या गाडीपाशी एक गुबगुबीत माणूस त्यांच्याकडे टक लावून बघत होता. डोळे स्वच्छ, हात स्थिर. दारू सुटलेली दिसते याची, बाईंच्या मनात आलं, आणि सवयीने नजर आपोआप सटकून केळ्यांवर गेली. त्या पुढे निघून गेल्या.

कोपऱ्यावर पोचल्या आणि जागीच थांबल्या. उजवा कान खाजवत उभं राहायची ती तऱ्हा... लुकड्या! बाळसं धरलेला लुकड्या!

वळून बघतात तर तो बस थांब्याकडे चाललेला, मान खाली. आता हाक मारावी, तर अख्खा बाजार त्याच्यावर दारुड्याचा शिक्का मारणार. न मारावी, तर तो पुन्हा गेलाच.

"ए लुकड्याऽऽ!"

शिंप्याचं मशीन थांबलं. हेडमास्तर चप्पल विसरले. साक्षात भूत ओरडलं होतं ना!

लुकड्या बसच्या पायरीवर थबकला. "बघितलंस की मघाशी मला. आणि केळी बघत बसलीस."

"मी बाहेर कुणालाच ओळख दाखवत नाही रे. नियम आहे माझा."

"म्हणजे मीही त्यातलाच का, ताई?"

बाईंनी पुढे होऊन बसचा दांडा धरला.

"चढताय का, साहेब?" कंडक्टर खेकसला. "की पायरीवरच संसार थाटताय?"

"जातो. बेकरीत कामाला लागलोय, पीठ मळायची वेळ होईल." तो चढला, मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "तुझ्या घरी गेलो होतो. कुलूप होतं. कडीला पिशवी अडकवलीय."

"पुढच्या खेपेला दवाखान्यात ये! सरळ आत ये!"

बस सुटली. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. बाई परत फिरल्या, तेव्हा शिंपी पुन्हा मान खाली घालून शिवत होता.

घरी कडीला पिशवी होती. आत हातभर लांब पाव. बाईंनी तो टेबलावर ठेवला, तर टेबलच एकदम लहान दिसायला लागलं. त्यांनी कडेचा तुकडा कापला, करकरीत, खरपूस. लहानपणी याच तुकड्यासाठी दोघांची मारामारी व्हायची. आज भांडायला कुणी नव्हतं. तरी बाईंनी दुसऱ्या बाजूची कडही कापली आणि बशीखाली झाकून ठेवली.